ब्रांकालेओनेची भाषा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या इटालियन विनोदपटांवर आलेला लेख वाचला. मारियो मोनिचेल्ली यांच्या ‘लार्माता ब्रांकालेओने’ (म्हणजे ‘ब्रांकालेओनेची फौज’, १९६६) या चित्रपटाची त्यात ‘धांगडधिंगा’ एवढ्या एका शब्दावर केलेली बोळवण मात्र पटली नाही.

धडपडणे आणि चिखलात लोळणे या चित्रपटात भरपूर आहे, हे मान्य. परंतु त्याचे खरे लक्ष्य आहे ती सरदारांच्या वीरकथांची परंपरा, जिचा बहर इटालियन कवी आरिओस्तोच्या ‘ऑर्लांदो फुरिओसो’ या सोळाव्या शतकातील महाकाव्यात दिसतो. त्या काव्यात आक्विलांते नावाचा एक शूर सरदार आहे. इथे तेच नाव नायक ब्रांकालेओनेच्या पिवळ्या, हट्टी घोड्याला लाभले आहे! लुटीत हाती लागलेल्या सनदेच्या जोरावर दक्षिणेतील ऑरोकास्त्रोची जहागीर गाठायला हा फाटका सरदार (व्हित्तोरियो गासमान) भुरट्यांची टोळी घेऊन निघतो, आणि सनदेचा जो तुकडा फाटून गेला आहे, त्यातच समुद्रावरून येणाऱ्या चाच्यांपासून गावाचे रक्षण करण्याची अट लिहिलेली असते. वतनांचे कागद ज्यांनी चाळले आहेत, त्यांना यातली खोच उलगडून सांगायला नको.

पण चित्रपटाचा प्राण त्याच्या भाषेत आहे आणि लेखात तिचा उल्लेखही नाही. आजे आणि स्कार्पेल्ली या पटकथाकारांच्या जोडीने मोनिचेल्लींसह या पात्रांसाठी मोडकी लॅटिन, जुनी इटालियन आणि गावोगावच्या बोली यांची एक खिचडी शिजवली, ज्यामुळे नायकाचा वीरश्रीचा आव आणि त्याचे दारिद्र्य एकाच वाक्यात ऐकू येतात. इटलीत आजही कोणत्याही विस्कळीत, भोंगळ जमावाला ‘आर्माता ब्रांकालेओने’ म्हणतात. मी हा चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह पाहिला. ती इतकी सपाट होती की निम्मा विनोद वाटेतच सांडला, आणि पुरवणीतील लेखाच्या लेखकांचेही कदाचित तेच झाले असावे.

वास्तविक हे काम मराठीत अधिक चांगले होऊ शकेल, कारण बखरींचा थाट, महानुभावी गद्याचा साधेपणा आणि मालवणी किंवा वऱ्हाडीचा ठसका हे सारे आपल्या हाताशी आहे. एखाद्या चित्रपट मंडळाने पहिल्या दहा मिनिटांची मराठी उपशीर्षके तरी करून पाहावीत. लेखमालेच्या पुढील भागात या भाषेवर दोन परिच्छेद यावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे