तीस दिवसांत तिला एक विद्यार्थी भेटायला हवा होता

मा. विधि व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मागच्या पावसाळ्यात एक बाई माझ्याकडे आल्या. हातात मिठाईच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी. त्यातून एकेक कागद काढून त्यांनी टेबलावर मांडला. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, बँकेचं पासबुक, लाइट बिलं, मुलीचं शाळेचं ओळखपत्रसुद्धा. "लागलं तर असावं," म्हणाल्या. सगळ्यात खाली इंग्रजीतलं समन्स होतं. त्यावर बजावणीची तारीख पाहून मी बोटांवर दिवस मोजले. चौतीस झाले होते.

आपल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात, म्हणजे 1999 च्या कायद्यात, लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवान्यावर, राहणाऱ्याला जागेतून काढण्यासाठी वेगळी, झटपट पद्धत आहे. प्रकरण सक्षम प्राधिकाऱ्यापुढे, म्हणजे याच कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे, चालतं. कलम 43 प्रमाणे समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत प्रतिज्ञापत्र करून बचावाची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही, तर अर्जातलं म्हणणं कबूल आहे असं धरून जागा सोडण्याचा हुकूम होतो. उशीर माफ करण्याचा अधिकार या प्राधिकाऱ्याला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 सालीच सांगून ठेवलं आहे. एकतिसाव्या दिवशी गेलात काय आणि चौतिसाव्या दिवशी गेलात काय, दार बंदच.

त्यांना शेजारणीने सांगितलं होतं, "घाबरू नको, तारीख पडेल तेव्हा जाऊ." कोर्टाची सवय असलेलं कोणीही हेच सांगेल. म्हणून त्या थांबल्या.

त्यांचं म्हणणं साधं होतं. करार संपल्यावरही मालकाने सात महिने भाडं खात्यावर घेतलं, आणि डिपॉझिट अजून त्याच्याकडेच आहे. यावर त्या जिंकल्या असत्या, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कलम 24 मध्ये लेखी करार हाच त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा धरला आहे, आणि मुदतीनंतर जागा अडवून ठेवली तर दुप्पट दराने पैसे भरावे लागतात. पण मुलीची दहावी होईपर्यंत मुदत मागता आली असती, डिपॉझिटचा हिशेब मांडता आला असता. शिवाय विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं, तेव्हा त्या समन्सची घडी नीट घालत म्हणाल्या, "मग त्या कागदावर तसं लिहायचं ना मॅडम."

मंत्रिमहोदय, हे पत्र मी त्यांच्या त्या एका वाक्यासाठी लिहिते आहे.

मी लघुवाद न्यायालयात, म्हणजे भाड्याच्या जागांचे वाद चालतात त्या कोर्टात, वकिली करते आणि आठवड्यातून दोन दिवस एका विधी महाविद्यालयात शिकवते. त्या बाई आल्या त्याच आठवड्यात आमच्याकडे मूट कोर्टची, म्हणजे लुटुपुटीच्या खटल्याची, तालीम चालली होती. मुलं रात्री उशिरापर्यंत थांबून जीव तोडून तयारी करत होती आणि मला त्यांचा अभिमानच आहे. पण शेवटच्या वर्षाच्या त्या वर्गात मी विचारलं, की खरं समन्स हातात धरून कोणी कोणी वाचलं आहे? एकही हात वर आला नाही.

बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20 आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे. हे आठवडे जातात कुठे? बड्या ओळखी असलेली मुलं मोठ्या फर्ममध्ये जातात. बाकीची कुणातरी वकिलाकडे झेरॉक्स काढतात, बोर्डावर आपल्या केसचा नंबर कितवा आहे ते बघून येतात आणि शेवटी सर्टिफिकेट घेतात. इंटर्नशिपच्या नोंदींचं जर्नल तर पुष्कळदा मागच्या वर्षीचं बघून लिहिलेलं असतं. मी स्वतः तपासते, त्यामुळे माहीत आहे. मुलांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांच्या हातात आपण काम दिलेलंच नाही.

काम दिलं की काय होतं, हेही मी पाहिलं आहे. गिरगावातल्या एका पागडीच्या चाळीतले आजोबा पत्र्याच्या डब्यात भाडेपावत्या घेऊन आले होते. पावत्या अजून त्यांच्या दिवंगत आईच्या नावावर, आणि नवा मालक म्हणत होता की तुमचा या खोलीशी संबंध काय. माझी एक विद्यार्थिनी त्या दिवशी सहज बरोबर होती. तिने फरशीवर वर्तमानपत्र पसरलं आणि वर्षावर्षाचे गठ्ठे लावत बसली. काही पावत्यांना वाळवी लागली होती, त्या तिने वेगळ्या काढल्या. दोन तासांनी तिने एक जुनं रेशनकार्ड वर धरलं. आईच्या मृत्यूआधीपासून आजोबा त्याच खोलीत राहत होते, हे त्यावरून दिसत होतं. मूळ भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबीय भाडेकरू ठरतो, ही भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 7 मधली तरतूद तिने परीक्षेला पाठ केली होती. त्या दिवशी ती तिला पहिल्यांदा दिसली. त्यानंतर वर्गात ती "फॅक्ट्स" म्हणायची तेव्हा तिचा आवाजच वेगळा असायचा.

मग हे रोज का होत नाही? कायदा आडवा येतो असं म्हणावं, तर तसं नाही. विद्यार्थ्याला कोर्टात बाजू मांडता येत नाही हे खरं, आणि तशी मागणीही मी करत नाही. आलेल्या माणसाचं ऐकणं, कागद लावणं, तारखा मोजणं, प्रतिज्ञापत्राचा कच्चा मसुदा करणं आणि विधी सेवेच्या वकिलाकडे माणूस पोचवणं, याला वकिलीची सनद लागत नाही. विधी महाविद्यालयांनी विधी सेवा केंद्रं चालवावीत, हे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2011 च्या विनियमांत आहे. बहुतेक ठिकाणी पाटीही आहे. पाटीखाली बसायला माणूस नाही. पूर्णवेळ प्राध्यापकाला वकिली करता येत नाही, त्यामुळे त्याला कोर्टातली आजची रीत ठाऊक नसते. माझ्यासारखे तासिका घेणारे वकील कोर्टातले असतात, पण केंद्रावर देखरेख करण्याचं मानधन कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतं. गाडी इथे अडली आहे, आणि ती पुढे ढकलणं आपल्या खात्याला शक्य आहे.

धोबी तलावच्या आणि वांद्र्याच्या लघुवाद न्यायालयात आणि सक्षम प्राधिकाऱ्यांच्या कार्यालयांत एक टेबल, चार खुर्च्या आणि एक झेरॉक्स मशीन मिळावं. उच्च न्यायालय आणि राज्य विधी सेवा प्राधिकरण यांच्याशी बोलून आपण हे जमवू शकता. त्या टेबलावर शेवटच्या वर्षाची मुलं पाळीपाळीने बसतील, सोबत मानधनावर नेमलेला एक अनुभवी वकील असेल, आणि तिथले तास सक्तीच्या इंटर्नशिपमध्ये धरले जातील. यासाठी विद्यापीठांना पत्र आपल्याकडून गेलं तर हलेल. महाविद्यालयांनी आपापलं लिहून ते होत नाही, हे आम्ही करून पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट जवळजवळ फुकट आहे. समन्सचा नमुना कायद्यानेच ठरवून दिला आहे, तो बदलायला वेळ लागेल. पण समन्ससोबत मराठीत आणि हिंदीत एक पान जोडायला कोणाची हरकत असावी? त्यावर ठळक अक्षरांत एवढंच: तुमच्याकडे आजपासून 30 दिवस आहेत, अमुक ठिकाणी या, 15100 वर (विधी सेवेची हेल्पलाइन) फोन करा.

हे टेबल फक्त भाडेकरूंचं असावं, असाही माझा आग्रह नाही. निवृत्तीनंतर एका खोलीच्या भाड्यावर घर चालवणारे मालकही माझ्याकडे येतात. करार नोंदवण्याची जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे मालकाचीच आहे आणि न नोंदवल्यास तुरुंगवासही होऊ शकतो, हे त्यांतल्या कित्येकांना माहीत नसतं. त्यांनाही कोणीतरी नीट सांगायला हवं. मात्र एकाच वादातल्या दोघांना एकाच विद्यार्थ्याने सल्ला द्यायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा लागेल, आणि मुलं तोही तिथेच शिकतील.

नवं शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी किमान धोबी तलावचं टेबल लागावं, एवढी विनंती आहे. देखरेखीसाठी दर बुधवारी दुपारी मी येईन, पहिल्या वर्षी मानधनाशिवाय. माझ्या वर्गातल्या अकरा मुलांनी आपली नावं माझ्याकडे लिहून दिली आहेत. पावत्यांचे गठ्ठे लावणारी ती मुलगी आता वकील झाली आहे. तिनेही शुक्रवार मागून घेतला आहे.

आपली नम्र,
लघुवाद न्यायालयातील एक वकील आणि शिक्षिका