‘ऑथेल्लो’ आमच्याकडून वाचून घेणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ची संहिता वाचून घेताना तुम्ही पात्राच्या मनात शिरायची जी पद्धत आमच्या गटाला दिलीत, तिच्याबद्दल हे आभारपत्र. ते जाहीर लिहितोय, कारण कुठलीही शोकांतिका बसवणाऱ्या किंवा अभ्यासणाऱ्या माणसाला ती वापरता यावी.

तुमची पहिली अट होती : पात्राला विशेषण लावायचं नाही. व्हेनिसचा सेनापती ऑथेल्लो संशयी, त्याच्या हाताखालचा इयागो कपटी, ऑथेल्लोची बायको डेस्डेमोना भोळी असं एकदा ठरलं, की नट पहिल्या प्रवेशापासून तेच वाजवत राहतो आणि पात्र कुठून निघालं, कुठे पोचलं ते प्रेक्षकाला दिसतच नाही. विशेषणाऐवजी तुम्ही चार रकान्यांचा तक्ता दिलात. हे वाक्य कोण कुणाला म्हणतं, ऐकायला आणखी कोण हजर आहे, बोलणाऱ्याला या क्षणी काय ठाऊक आहे, आणि समोरच्याकडून त्याला काय हवं आहे. आधी संपूर्ण नाटक एका बैठकीत मोठ्याने वाचायचं आणि तक्ता दुसऱ्या वाचनाला भरायचा, हा क्रमही महत्त्वाचा. पहिल्याच वाचनात भरायला घेतलं, तर शेवट माहीत नसल्यामुळे तिसरा रकाना अंदाजाने भरला जातो.

या तक्त्याचा सर्वांत मोठा उपयोग इयागोसाठी झाला. डेस्डेमोनाचे कॅसिओशी संबंध आहेत असं ऑथेल्लोच्या मनात भरवून त्याच्या हातून तिचा खून करवतो, तो हाच. तो स्वतःच्या द्वेषाची कारणं एकामागून एक सांगतो, आणि म्हणूनच कोलरिजसारख्या समीक्षकाला त्याचा दुष्टावा हेतूशिवायचा वाटला. तुम्ही म्हणालात, कारण खरं की खोटं हे नंतर बघू, आधी ते कुणाला सांगितलंय ते लिहा. ऑथेल्लोने लेफ्टनंटचं पद कॅसिओला दिलं आणि मला निशाणबरदार ठेवलं, ही तक्रार तो डेस्डेमोनावर भाळलेल्या श्रीमंत रॉडेरिगोपुढे करतो. रॉडेरिगोची थैली त्याला हवी आहे आणि रॉडेरिगो त्याच क्षणी त्याच्यावर चिडलेला आहे. म्हणजे ही तक्रार म्हणजे समजूत घालणंही आहे. ऑथेल्लोचा आपल्या बायकोशी संबंध असावा हा संशय मात्र पहिल्या अंकाच्या शेवटी, स्वगतात येतो. तिथे कुणाला फसवायचं नाही. तरी तो आधी द्वेष सांगतो आणि संशय मागून जोडतो. शिवाय हे खरं आहे की नाही ठाऊक नाही, पण मी ते खरं धरूनच वागणार, असंही कबूल करतो. दुसऱ्या अंकात त्याला डेस्डेमोनाही हवी असते आणि संशय कॅसिओवरही जातो.

यातलं कुठलं कारण धरायचं, हे ठरवायला तुम्ही दोन कसोट्या दिल्यात. पहिली, दुसऱ्याच्या तोंडून दुजोरा मिळतो का. बायकोवरच्या संशयाला मिळतो : चौथ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात इयागोची बायको, डेस्डेमोनाची सोबतीण एमिलिया नवऱ्याला तोंडावर आठवण करून देते, की अशाच कुणीतरी कान भरल्यामुळे तू माझ्यावर आणि ऑथेल्लोवर संशय घेतला होतास. संहिता कापताना हे छोटं वाक्य हमखास उडतं, आणि मग इयागोचा संशय त्याने हवेतून काढल्यासारखा वाटतो. दुसरी कसोटी आम्हाला अधिक मोलाची वाटते : हेतू पुरा झाल्यावर पात्र थांबतं का? तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशाच्या शेवटी ऑथेल्लो त्याला लेफ्टनंट करतो. पद मिळालं, तरी तो थांबत नाही. कारण त्याच प्रवेशात ऑथेल्लोने त्याला धरून, पुरावा दे नाहीतर तुझी खैर नाही, असं बजावलेलं असतं. इथून पुढे इयागो स्वतःचा जीव वाचवायला धावतो आहे. पाचव्या अंकात तो कॅसिओबद्दल मत्सराने बोलतो, पण ऑथेल्लो कॅसिओशी बोलला तर आपलं बिंग फुटेल, हेही लगेच जोडतो. हेतू नाटकाच्या मध्यावर बदलू शकतो, हे एकदा मान्य केलं की इयागो करणाऱ्या नटाला पाचही अंक एकच कुत्सित हसू ओढावं लागत नाही.

ऑथेल्लोचं सगळं, त्याने डेस्डेमोनाला दिलेल्या आणि इयागोने कॅसिओच्या खोलीत टाकलेल्या रुमालामुळे झालं, असं सर्रास सांगितलं जातं. तिसरा रकाना भरताना ते टिकत नाही. आपण काळे आहोत, दरबारी गोड बोलणं आपल्याला येत नाही, वय उतरणीला लागलंय, हे ऑथेल्लो रुमाल खाली पडण्याआधी बोलतो. कॅसिओच्या हातात रुमाल पाहिल्याचं इयागो सांगतो ते तर कितीतरी नंतर, ऑथेल्लो आपल्या सैनिकी आयुष्याचा निरोप घेऊन बसल्यावर. त्याला आत पोखरतं ते वेगळंच. व्हेनिसच्या बायका कशा असतात ते मला ठाऊक आहे, असं इयागो म्हणतो, आणि परक्या मुलखातून आलेल्या, लहानपणापासून रणांगणावरच वाढलेल्या सेनापतीकडे त्याला उत्तर नसतं. हिने बापाला फसवलं, हा डेस्डेमोनाच्या बापाचा, ब्रबॅन्शिओचा इशाराही इयागो नेमका इथेच उकरून काढतो.

पहिल्या अंकातली सुनावणी आणि पाचवा अंक शेजारी ठेवून वाचा, ही तुमची सूचना आम्ही कधीच विसरणार नाही. डेस्डेमोनाला जादूटोण्याने वश केल्याचा आळ येतो तेव्हा ऑथेल्लो स्वतः म्हणतो, तिला बोलवा, तिला बोलू द्या. दुसरी बाजू ऐकायची असते हे या माणसाला पक्कं ठाऊक आहे. दुसऱ्या अंकात मात्र तो एकट्या इयागोच्या साक्षीवर कॅसिओला पदावरून काढतो, आणि पाचव्यात डेस्डेमोना ‘कॅसिओला विचारा’ म्हणते तेव्हा त्याच्या समजुतीने तो साक्षीदार मेलेला असतो. संशयी स्वभाव दाखवण्यापेक्षा, न्याय करण्याची ही रीत कशी आवळत गेली ते दाखवणं फार अवघड आहे आणि फार खरं.

वेळेचं कोष्टकही तुमचंच. सायप्रसला उतरल्यापासून खुनापर्यंत मंचावर जेमतेम दीड दिवस जातो, त्याआधीच्या प्रवासात ऑथेल्लो, कॅसिओ आणि डेस्डेमोना तीन वेगळ्या जहाजांवर होते. म्हणजे इयागो सांगतो तसे संबंध ठेवायला डेस्डेमोना आणि कॅसिओला वेळच मिळालेला नसतो. उलट कॅसिओची मैत्रीण बियांका त्याला ‘आठवडाभर आला नाहीस’ म्हणते. ही विसंगती ‘सुधारायला’ जाऊ नये. कुणी घटकाभर थांबून हिशेब केला तर इयागोचा डाव कोसळेल, म्हणून त्याला कुणाला थांबूच द्यायचं नसतं. तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश मध्ये तोडून मध्यंतर घेतलं, तर प्रेक्षक नेमका तो हिशेब चहा पिताना करतो.

डेस्डेमोना दोनदा खोटं बोलते, एकदा रुमाल हरवला नाही म्हणून, आणि मरताना हे मीच केलं म्हणून. ‘एकच प्याला’तली सिंधू मरताना फौजदाराला नवऱ्याला वाचवणारी जबानी देते, ती जागा तुम्ही शेजारी ठेवलीत, म्हणून पुढचा फरक दिसला : ऑथेल्लो ते खोटं स्वीकारत नाही, एमिलियापुढे स्वतःच खून कबूल करतो.

एमिलियाबद्दल मात्र आमचं तुमच्याशी अजून जमलेलं नाही. तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात ऑथेल्लो रुमाल मागत असताना, तो इयागोला दिलेली ती तिथेच उभी असते, तरी गप्प राहते. तुमच्या मते नवऱ्याचा धाक. आम्हाला वाटतं, धाक असता तर शेवटी इयागो घरी जा म्हणत असताना ती इतक्या लोकांदेखत त्याच्याविरुद्ध बोलली नसती. पडलेला रुमाल त्याच्यासाठी उचलतानाही ती त्याची मर्जी राखण्याचंच बोलते. एवढीशी मर्जी तरी टिकावी, या आशेने ती गप्प बसते, असं आमचं म्हणणं आहे. नवरे-बायकांबद्दलचं तिचं चौथ्या अंकातलं मोठं भाषण १६२२च्या छापील प्रतीत नाही, शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३च्या संग्रहात आहे. भाषांतर निवडताना ते आहे ना हे आधी तपासा, असं तुम्ही बजावलं होतंत. आमच्या बाजूचा मुख्य आधार तेच भाषण आहे, तेव्हा पुढच्या वाचनाला तिथूनच सुरुवात करू या.

तक्ता इतर गटांना द्यायला तुम्ही मोकळेपणाने परवानगी दिलीत, त्याबद्दल वेगळे आभार. पानामागे एकच प्रवेश, आणि चौथा रकाना सर्वांत रुंद, असाच तो पुढे देत आहोत.

आपले,
वाचनाच्या तालमीतले आम्ही सर्व