फायबरच्या दादांना, मोडेम बदलण्याआधी मीटर लावल्याबद्दल

विश्रामबाग, सांगली

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही आमच्या सोसायटीत जे करून दाखवलंत ते सांगली, मिरज, कुपवाडच्या कुठल्याही गल्लीत उपयोगी पडेल. नेट अडखळायला लागलं की सहसा दोनच सल्ले मिळतात. पहिला, "मोडेम बंद करून चालू करा." दुसरा, "मोडेम गेलाय, नवा घ्या." तुम्ही त्या दोन्हींच्या आधी तारेतला उजेड मोजणारा पॉवर मीटर काढलात, आकडा वाचलात, आम्हालाही दाखवलात आणि एका तारेतला उजेड अनेक घरांत वाटणाऱ्या स्प्लिटरच्या डब्याच्या झाकणावर तारखेसह मार्करनं लिहून ठेवलात. आकडा ग्राहकापासून न लपवणारा माणूस भेटणं ही मोठी गोष्ट आहे. त्याबद्दल सगळ्या रहिवाशांतर्फे मनापासून आभार.

तो आकडा म्हणजे काचेच्या तारेतून घरापर्यंत पोचलेला उजेड. तो डीबीएम या एककात मोजतात (त्यातला फरक डीबीमध्ये) आणि घरात तो नेहमी उणेच असतो. जीपॉन म्हणजे एका तारेवर अनेक घरं जोडणारी फायबरची पद्धत. तिच्या नेहमीच्या बी-प्लस वर्गात घरचा मोडेम उणे ८ ते उणे २७ एवढ्या पट्ट्यात काम करतो. उणे १८ ते उणे २२ असेल तर लाइन निरोगी. उणे २५ च्या पलीकडे गेली की ती पावसाळा काढेल याचा भरवसा नाही. दर ३ डीबीला उजेड निम्मा होतो, म्हणजे उणे २० च्या मानानं उणे २७ ला जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. अशा लाइनवर मोडेम सकाळी चालतो, दुपारी पडतो, आणि शिव्या मात्र मोडेमला बसतात.

तुम्ही तो हिशेब कागदावर मांडून दिलात, तो सगळ्यांनी जपून ठेवण्यासारखा आहे. कंपनीच्या ऑफिसातल्या ओएलटीतून, म्हणजे उजेड पाठवणाऱ्या मुख्य यंत्रातून, साधारण अधिक ३ डीबीएम निघतात. वाटेत एकाला चार करणारा स्प्लिटर ७ डीबी खातो, एकाला आठ करणारा साडेदहा. चार किलोमीटर काचेत जेमतेम १ जातो. कनेक्टर आणि जोड मिळून २ धरा. उरले उणे साडेसतरा. मग एखाद्या घरात उणे २६ दिसत असतील तर साडेआठ डीबी वाटेतच कुठेतरी गळतायत, आणि तिथं नवा मोडेम लावून काडीचाही फरक पडणार नाही. मीटर मात्र १४९० नॅनोमीटरवर लावलेला हवा, कारण घराकडे येणारा उजेड त्या तरंगलांबीचा असतो. घराकडून परत जाणारा १३१० चा. मीटर नसेल तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडून, मोडेमच्या मागच्या स्टिकरवरचा पासवर्ड टाकून, पॉन किंवा ऑप्टिकलच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे मोडेमला मिळणारा उजेड, वाचता येते. त्याच पानावरची बायस करंटही (मोडेमच्या लेझरला लागणारी वीज) टिपून ठेवायला सांगितलंत. टीएक्स पॉवर, म्हणजे मोडेम पाठवतो तो उजेड, तेवढीच राहून बायस करंट महिन्यामहिन्याला चढत असेल तर मोडेमचा लेझर म्हातारा होतोय. तेव्हा मात्र मोडेम खरोखरच बदलायला हवा.

गळती शोधायची तुमची पद्धत घराकडून डब्याकडे जाणारी. आधी हिरवा एससी-एपीसी कनेक्टर. त्याचं टोक ८ अंशांच्या कोनात घासलेलं असतं. निळा यूपीसी त्यात बसतो, पण दोन टोकं नीट टेकत नाहीत आणि बराच उजेड वाया जातो. रंग जुळतोय का हे बघायला काही खर्च नाही. मग टोक पुसणं: ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा कागद, किंवा क्लिक करून फिरणारा क्लीनर. शर्टाच्या टोकानं नाही, फुंकर मारून तर नाहीच, फुंकरीतली वाफ टोकावर बसते. त्यानंतर टीव्हीच्या कपाटामागं दबलेली पॅच कॉर्ड. जुन्या जी.६५२ प्रकारच्या काचेला ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण चालत नाही. जी.६५७ ए१ ला १० आणि ए२ ला साडेसात मिलिमीटरपर्यंत चालतं. लाल उजेडाचा पेन लावला की मोडलेल्या जागी तार लाल दिसते. तो उजेड डोळ्यांना दिसतो, नेटचा दिसत नाही, म्हणून कनेक्टरच्या तोंडात कुणी डोकावू नये हे तुम्ही लहान मुलांनाही बजावलंत. कापलेल्या काचेचे तुकडे चिकटपट्टीवर गोळा करून डबीत भरून नेलेत, त्याचे वेगळे आभार.

डब्यात बहुतेक वेळा गुन्हेगार निघतो तो जागेवरच हातानं बसवलेला फास्ट कनेक्टर. आत १२५ मायक्रॉनची काच चिमट्यात धरलेली असते आणि दोन टोकांमध्ये जेलचा थेंब असतो. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, गच्चीवरचा बंद डबा त्याहून तापतो. काच कणभर सरकते, जेल सुकतं, आणि दुपारी आकडा पडून रात्री सुधारतो. म्हणून एकदाच मोजून भागत नाही, दुपारी आणि रात्री मोजायचं. फरक दोन डीबीच्या वर असेल तर तो कनेक्टर कापून पिगटेल (आधीच कनेक्टर बसवलेला तारेचा तुकडा) स्प्लाइस करायचं, म्हणजे मशीननं काच वितळवून जोडायचं. चांगल्या स्प्लाइसमध्ये ०.१ डीबीही जात नाही आणि उन्हानं तो हलत नाही. या कामाला मशीन आणि वेळ दोन्ही लागतात, फास्ट कनेक्टर पाच मिनिटांत होतो. तुम्ही वेळ लागणारं काम निवडलंत.

आता दिव्यांबद्दल, कारण इथं सगळ्यांचाच गोंधळ असतो. लाल एलओएस लुकलुकतोय म्हणजे उजेडच येत नाही. तार तुटली, कनेक्टर निसटला किंवा डब्यात कुणी हात लावला. गळीत हंगामात उसानं उंच भरलेली ट्रॉली रस्त्यावरची लोंबती तार ओढून नेते, तेव्हा पूर्ण ओळीच्या घरांत हाच दिवा लागतो. पॉनचा हिरवा दिवा लुकलुकत राहिला तर गोष्ट वेगळी. उजेड येतोय, पण मोडेमची नोंदणी होत नाहीये. ओएलटीवर त्याचा १२ अक्षरी सिरियल नंबर चढवलेला नाही, नाहीतर घराकडून जाणारा उजेड तिकडे पोचत नाही.

आणि याच ठिकाणी तुम्ही आम्हाला सगळ्यात मोलाची गोष्ट शिकवलीत. जीपॉनमध्ये खाली येणारा उजेड सगळ्यांना एकच मिळतो, पण वर जाताना प्रत्येक मोडेमला आपापली वेळ ठरवून दिलेली असते. एखाद्याचा लेझर बिघडून सतत पेटलेला राहिला तर तो बाकीच्यांच्या वेळेत बोलत राहतो आणि त्या स्प्लिटरवरची सगळी घरं अडखळतात. प्रत्येक घरातला आकडा उत्तम, मोडेम नवा, तरी नोंदणी तुटते. मग घरोघरी मोडेम बदलत बसलं तरी दुखणं जागच्या जागी राहतं, कारण दोषी मोडेम शेजारच्या घरात मुकाट बसलेला असतो. तुमचा उपाय: डब्यात स्प्लिटरचे पाय, म्हणजे घरोघरी जाणारी टोकं, एकेक करून काढायचे आणि बाकीच्यांचे पॉन दिवे स्थिर होतायत का बघायचं. ज्याचा पाय काढल्यावर दिवे लुकलुकायचे थांबले तो संशयित. मग त्याच्या घराकडून येणाऱ्या तारेला १३१० वर लावलेला मीटर जोडायचा. कंपनीकडून उजेड मिळत नसताना चांगला मोडेम एक शब्दही बोलत नाही. मीटरवर तरीही ठाम आकडा दिसला तर पुरावा हाती आला. एवढं करायला पायऱ्या चढणं-उतरणं खूप होतं, आणि ज्यानं तक्रार केलेली नसते त्याच घराचं दार वाजवून समजूत घालावी लागते. तुम्ही आवाज न चढवता ते केलंत. त्या घरातल्या काकूंना "तुमची चूक नाही, यंत्र थकलंय" असं सांगितलंत, हे विसरणार नाही.

घराच्या आत पहिला संशय अडॅप्टरवर घ्यायचा हेही तुमचंच. बहुतेक मोडेमला १२ व्होल्ट लागतात, १ ते २ अँपिअर, ५.५ बाय २.१ मिलिमीटरची पिन, मध्यभाग धन. अडॅप्टरमधला कपॅसिटर उष्णतेनं सुकतो. मोकळ्या अडॅप्टरला व्होल्ट मोजणारा मीटर लावला तर १२ दाखवतो, भार पडला की साडेदहावर येतो. संध्याकाळी घरातले सगळे एकदम वाय-फायवर आले की मोडेम जास्त करंट ओढतो आणि स्वतःच बंद होऊन चालू होतो. म्हणून "रोज रात्री आठला नेट जातं" ही तक्रार ऐकली की कंपनीला फोन लावण्याआधी दुसरा १२ व्होल्टचा, २ अँपिअरचा अडॅप्टर लावून बघावा. अँपिअर जास्त चालतात, व्होल्ट जास्त अजिबात नाही.

हे ओळखायची युक्तीही सोपी ठेवलीत. नेट गेल्यावर मोडेम बंद करायच्या आधी त्याच्या पानावर अपटाइम, म्हणजे मोडेम किती वेळ सलग चालू आहे ते, बघायचा. तो शून्यापासून सुरू झालाय, किंवा लॉगमध्ये १ जानेवारी १९७० ही तारीख आलीय, म्हणजे मोडेम स्वतः बंद पडून उठला. दोष वीज, अडॅप्टर किंवा उष्णतेचा. अपटाइम जुनाच पण लॉगमध्ये एलओएसच्या नोंदी, तर दोष तारेचा. दोन्ही ठीक आणि फक्त पीपीपीओई (कंपनीकडचं लॉगिन) तुटलंय, तर कंपनीच्या बाजूचा प्रश्न, तिथं वाट बघावी. आणि सगळं ठीक असून फक्त मोबाइलवर रडगाणं असेल, तर वाय-फाय. पटकन रीस्टार्ट केला की बऱ्याच मोडेममधला हा सगळा पुरावा पुसला जातो, म्हणून आधी पानाचा फोटो.

वाय-फायचं थोडक्यात: २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ यांपैकीच चॅनल आणि २० मेगाहर्ट्झ रुंदी. मोडेम बंद कपाटात नको, इन्व्हर्टरवर तर नकोच. कित्येक मोडेमवर कामाचं तापमान ४० अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं, आणि उन्हाळ्यात आपली खोलीच तिथं पोचते. वेग तपासताना लॅन केबल लावायची. २०० एमबीपीएसचा प्लॅन असून आकडा ९४ च्या आसपास अडकत असेल तर बहुधा केबलच्या आठपैकी एखादी तार तुटलेली असते आणि जोडणी १०० वर उतरलेली असते. मोडेममागचं रीसेटचं भोक टाचणीनं दाबायचं नाही, त्यानं पीपीपीओईचं नाव आणि कंपनीनं भरलेला व्हीलॅन नंबर उडून जातात.

वळवाच्या पावसाबद्दल तुम्ही जे म्हणालात ते पटलं. काचेतून वीज येत नाही, पण घरापर्यंत येणाऱ्या ड्रॉप वायरमधल्या पोलादी तारेतून, अडॅप्टरमधून आणि मजल्यामजल्यांतल्या लॅन केबलमधून येते. म्हणून पोलादी तार भिंतीबाहेरच कापायची, आत फक्त काच आणायची. गडगडाट सुरू झाला की अडॅप्टरसोबत लॅन केबलही काढायची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर गावभागासारख्या सखल भागात डबे उंचावर असावेत हे वेगळं सांगायला नको. पाणी काचेचं वाकडं करत नाही, पण कनेक्टरमध्ये गाळ शिरला की तो फेकूनच द्यावा लागतो. डब्यात केबल खालून घालावी आणि त्याआधी तिला झोल द्यावा, म्हणजे पाणी झोलावरून ठिबकतं, आत जात नाही. आमच्या तिन्ही डब्यांना तुम्ही असा झोल दिलात. कुणी सांगितलं नव्हतं.

झाकणावरचे आकडे आता आम्ही दर महिन्याला दुपारी आणि रात्री भरतो. 'बी' विंगच्या डब्याचं रबर कडक झालंय, मृगाआधी ते बदलायला हवं. डब्याची किल्ली वॉचमनकाकांकडे ठेवली आहे, शिडी पार्किंगमध्ये आहे. कधीही या, चहा घेतल्याशिवाय मात्र सोडणार नाही.

आपले,
विश्रामबागेतल्या सोसायटीत नेटचं काम पाहणारे रहिवासी