आधी तो खड्डा बुजव

प्रिय समीर,

तुझं पत्र परवा मिळालं आणि लागोपाठ दोनदा वाचलं. पहिल्यांदा नुसत्या आनंदाने, कारण कित्येक दिवसांनी तुझ्या लिहिण्यात तो जुना हुरूप दिसला. दुसऱ्यांदा वाचताना मात्र, गाडीत करायच्या बदलांची जी यादी तू दिलीस तिच्या चौथ्या ओळीवर अडलो. एअर इनटेक, एक्झॉस्ट, हेडर (सिलिंडरमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या), आणि मग सहज जाता जाता लिहावं तसं, "टर्बो किट, अर्धा बार, ट्यूनिंग सोबत मिळतं." त्या 'सोबत मिळतं' ने माझी रात्रीची झोप घालवली. फोनवर बोललो असतो तर तू विषय हसण्यावारी नेला असतास. म्हणून बसून लिहितोय.

माझ्या जुन्या लाल गाडीच्या "इंजिनचं काम निघालं" एवढंच तुला तेव्हा सांगितलं होतं. खरं काय झालं ते आज सांगतो. तिलाही टर्बो होता, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, दाब अर्धा बार म्हणजे वातावरणाच्या साधारण निम्मा जादा. आणि मॅपही, म्हणजे किती पेट्रोल आणि कधी ठिणगी हे इंजिनला सांगणारा तक्ताही, असाच किटसोबत आलेला, रेडीमेड. ज्या वर्कशॉपने बसवला त्यांनी गाडी सुरू केली, एक चक्कर मारली आणि चावी हातात दिली. पहिले दोन महिने मी हवेत होतो. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. मग एका तापलेल्या दुपारी ट्रॅकवर, लांब चढाच्या सरळ पट्ट्यात, चौथ्या गिअरला पूर्ण रेस दिलेली असताना पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला. दोन सेकंद, फार तर तीन. मला वाटलं खालून खडी उडाली. पुढच्या वळणावर आरशात पाहिलं तर मागे निळा धूर.

कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, तपासलं. तीन सिलिंडर १२ बारच्या आसपास, एक जेमतेम ५. त्या सिलिंडरचा स्पार्क प्लग मी अजून जपून ठेवलाय. त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके आहेत, आणि भिंग धरलं की त्यांच्यामध्ये चमकणारे बारीक गोळे दिसतात. ते ॲल्युमिनियम आहे, समीर. माझ्या पिस्टनचं. इंजिन खोललं तेव्हा दोन रिंगांमधला पिस्टनचा काठ नखाएवढा तुटून गेलेला होता.

हे का होतं ते समजून घे, कारण तुझ्या यादीतल्या प्रत्येक ओळीचा निकाल इथेच लागतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. सिलिंडरमधला जळता वायू २००० अंशांच्या वर जातो. तरी पिस्टन टिकतो, कारण त्याच्या पृष्ठभागाला थंड वायूचा एक पातळ थर चिकटलेला असतो आणि आत शिरलेली उष्णता रिंगांतून व ऑइलमधून सतत वाहून जात असते. ठिणगी पडल्यावर ज्योत शिस्तीत पसरत गेली तर तो थर शाबूत राहतो. पण कोपऱ्यात उरलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण ज्योत पोचायच्या आधीच दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटलं, की दाबाच्या लाटा उठतात आणि तो थर खरवडून काढतात. हेच नॉकिंग. माझ्या गाडीत वरच्या आरपीएमला पेट्रोलचा दाब कमी पडत होता, मिश्रण पातळ होत होतं, आणि मॅप ज्या ऑक्टेनवर (पेट्रोलची नॉकिंग रोखण्याची क्षमता) बनवला होता ते पेट्रोल माझ्या टाकीत नव्हतंच. तिन्ही गोष्टी एका लॉगमध्ये, म्हणजे इंजिनच्या सेन्सरच्या नोंदींत, दिसल्या असत्या. तो लॉग कुणी घेतला नाही. मीही मागितला नाही.

आता तुझी टोयोटा ८६. ते इंजिन मला मनापासून आवडतं. दोन लिटर, आडवे चार सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ मिलिमीटर, स्ट्रोकही (पिस्टनची धाव) ८६, आणि टर्बोशिवाय ७००० आरपीएमला २०० हॉर्सपॉवर. हे साधायला त्यांनी कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पटीने दाबलं जातं ते, साडेबारास एक ठेवलं. टर्बोवर धावायचं म्हणूनच बनलेली जुनी इंजिनं नवास एकच्या आसपास असायची. म्हणजे तुझ्या पिस्टनवरचं मिश्रण आधीच जोरात दाबलेलं आहे आणि तू त्यात दाबून भरलेली, तापलेली हवा घालणार. २५ अंशांची हवा अर्धा बार दाबली की टर्बोतून निघताना सहज ७० अंशांच्या वर जाते. इंटरकूलर त्यातलं बरंच उतरवतो, सगळं नाही.

यावरून एक जुनी गोष्ट आठवली. १९६२ मध्ये ओल्ड्समोबिलने जेटफायर नावाची गाडी काढली, टर्बो घेऊन बाजारात आलेल्या पहिल्यावहिल्या गाड्यांपैकी. कॉम्प्रेशन सव्वादहास एक. त्या काळच्या मानाने हे फार होतं, म्हणून नॉकिंग टाळायला एका टाकीतून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात सोडायचे. मालक ती टाकी भरायला विसरायचे. टाकी रिकामी झाली की गाडी स्वतःहून दाब कमी करायची आणि गाडीला पिकअप नाही अशा तक्रारी यायच्या. शेवटी अनेक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बुरेटर बसवले गेले. इंजिनवाल्यांची अक्कल कमी नव्हती. त्या टाकीकडे रोज बघणारं कुणी नव्हतं. टर्बो बसवणं सोपं आहे, त्यासोबत रोज राहता आलं पाहिजे.

पण मला खरा प्रश्न वेगळाच पडलाय. तुला नेमकं कुठे कमी पडतंय? तू लिहिलंयस की "वळणातून बाहेर पडताना गाडी दम टाकते, मग एकदम जागी होते." हे वाक्य मी पेन्सिलने अधोरेखित केलंय, कारण तुझ्या गाडीचा आजार यात अचूक सापडतो. त्या इंजिनचा टॉर्क ३५०० ते ४५०० आरपीएममध्ये खाली बसतो. आलेखावर चक्क खड्डा दिसतो, आणि तू वळणातून नेमका त्याच आरपीएमवर बाहेर पडतोस. त्या खड्ड्यात ४००० ला २० न्यूटन मीटर वाढले तर हॉर्सपॉवर फक्त ११ ने वाढते, तीही मधेच. जाहिरातीतल्या कमाल आकड्यात तिचा मागमूस दिसणार नाही. तुझ्या उजव्या पायाला मात्र ती प्रत्येक वळणावर कळेल. उलट कमाल आकडा ७००० ला मिळतो, आणि तिथे तू दिवसातून किती वेळ असतोस?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हेडर आणि तुझ्याच गाडीवर बसून केलेलं ट्यूनिंग, दोन्ही एकत्र. हेडरमधल्या नळ्यांची लांबी आणि त्या कुठे जुळतात यावर ठरतं, की एका सिलिंडरमधून धूर बाहेर पडताना मागे आलेली दाबाची लाट दुसऱ्याला मदत करते की आडवी येते. तो खड्डा बराचसा तिथूनच येतो, उरलेला ईसीयूमधल्या (इंजिनच्या संगणकातल्या) टायमिंगमधून. एक सांभाळ. तुझ्या गाडीत पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हेडरमध्येच असतो. बाजारात त्याच्याविना हेडर मिळतात आणि ते थोडा जास्त टॉर्क देतात. ते घेऊ नकोस. प्रदूषण चाचणीत गाडी अडकेल हे तर झालंच, पण मागे चालणाऱ्याच्या नाकात तो विषारी धूर जावा हे मला पटत नाही, आणि तुलाही पटणार नाही हे मला ठाऊक आहे. कन्व्हर्टरसकट येणारा घे.

एअर इनटेक यादीतून काढ. मूळचा एअरबॉक्स बाहेरची थंड हवाच घेतो आणि २०० हॉर्सपॉवरला पुरून उरतो. उघडा फिल्टर घातला की आवाज छान येतो, पण गाडी उभी असताना तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. शिवाय हवा मोजणाऱ्या सेन्सरभोवतीच्या पाइपचा व्यास बदलला की सेन्सर चुकीचं मोजायला लागतो आणि ट्यून पुन्हा करावा लागतो. चांगलं पेपर फिल्टर वेळेवर बदल, बास. मागच्या सायलेन्सरचं म्हणशील तर तो आवाजासाठी घे, वजन कमी होतं म्हणून घे, ताकदीसाठी घेऊ नकोस.

ट्यूनरकडे जाशील तेव्हा त्याला पहिलं काम हे सांग, काहीही न बदलता गाडी डायनोवर, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढव. २०० हा आकडा इंजिनच्या टोकाचा आहे. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये हरवून चाकांवर १७० च्या आसपास दिसेल. घाबरू नकोस. डायनो डायनोत फरक असतो, एकाचे १६५ ते दुसऱ्याचे १८० निघतात. म्हणून आधीचं आणि नंतरचं मोजमाप एकाच डायनोवर, एकाच गिअरमध्ये, शक्यतो सारख्याच तापमानात घे, आणि दोन्ही आलेख एकावर एक छापून माग. नुसता कमाल आकडा सांगणाऱ्याला ३८०० ला काय झालं ते विचार. त्याचा चेहरा बघ, तिथेच कळेल.

ट्यूनिंगच्या आधी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (सिलिंडरमधून हवा किती गळते ते बघणारी) चाचणी करून घे. थकलेल्या इंजिनवर नवा मॅप चढवणं म्हणजे आधी कळस मग पाया. प्लग बदल, जुने फेकू नकोस, मला फोटो पाठव.

तुला ई८५, म्हणजे बहुतांश एथेनॉल असलेलं इंधन, नियमित मिळत असेल तर त्याचा विचार मी टर्बोच्या कितीतरी आधी करीन. एथेनॉलचं ऑक्टेन चढं असतं आणि वाफ होताना ते खूप उष्णता शोषून घेतं, म्हणजे तुझ्या साडेबाराच्या कॉम्प्रेशनला ते अगदी मानवतं. टायमिंग पुढे घेता येतं, खड्डाही आणखी भरतो. मात्र पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, तर ई८५ ला साधारण पावणेदहा. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन वजनाने जवळजवळ दीडपट ओतावं लागतं. त्यात एथेनॉलचं प्रमाण ऋतूप्रमाणे बदलतं, थंडीत कमी होतं. तेव्हा एथेनॉलचं प्रमाण मोजणारा फ्लेक्स-फ्युएल सेन्सर घातल्याशिवाय या वाटेला जाऊ नकोस.

एवढं करून वर्षभर चालवल्यावरही तुला आणखी हवं असेल, तर मी तुला अडवणार नाही. तेव्हा मी सुपरचार्जर (इंजिनच्याच पट्ट्यावर फिरून हवा दाबणारा) घेईन, टर्बो नाही, आणि कारण सांगतो. पिस्टनला खालच्या क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला दोन प्रकारे मार बसतो. आरपीएम वाढला की पिस्टन त्याला ओढतो, आणि टॉर्क वाढला की ज्वलनाचा दाब त्याला दाबतो, वाकवायला बघतो. छोटा टर्बो ३५००-४००० लाच टॉर्कचा डोंगर उभा करतो, म्हणजे सगळा दाब एकदम रॉडवर. सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जरचा दाब आरपीएमबरोबर हळूहळू चढतो, रॉडला तो जास्त सोसवतो. तो तुझा खड्डा भरणार नाही हे खरं, पण खड्डा तर तू आधीच हेडरने भरलेला असशील. सोबत थंड जातीचे प्लग, इंधनाची तयारी, ऑइल कूलर आणि क्लच यांचा खर्च पहिल्याच दिवशी धर. किटच्या किमतीत ते येत नाहीत. आणि विमा कंपनीला लेखी कळव.

ताकदीच्या यादीत तू ब्रेकचं नावही घेतलं नाहीस. सरळ पट्ट्याच्या शेवटी १६० ऐवजी १८० ला पोचलास तर ब्रेकना २७ टक्के जास्त उष्णता गिळावी लागते. डॉट ४ ब्रेक फ्लुइड नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषून जुनं झालं की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. तुझं शेवटचं कधी बदललंस? आणि मूळचे २१५ मिलिमीटर रुंदीचे टायर टोयोटाने मुद्दाम साध्या पकडीचे दिले होते, गाडी कमी वेगातही खेळकर वाटावी म्हणून. चांगले टायर घातलेस तर वळणात वेग जास्त राहील आणि तू बाहेर पडतानाच खड्ड्याच्या वर असशील. शक्य असेल तर हे हेडरच्याही आधी कर. डिकीतलं ते सगळं सामानही उतरव. १२७० किलोच्या गाडीतून ५० किलो काढले की ८ हॉर्सपॉवर वाढल्यासारखं होतं, आणि त्याला कुठलाच प्लग साक्षी लागत नाही.

या रविवारी एक कर. ओबीडीचा (गाडीच्या संगणकाला जोडायच्या सॉकेटचा) लॉगर लाव, इंजिन आणि ऑइल पूर्ण गरम होऊ दे, आणि ट्रॅकवर मोकळ्या पट्ट्यात चौथ्या गिअरला ३००० पासून ७००० पर्यंत एकदा पूर्ण रेस दे. लॉगमध्ये आरपीएम, हवेचा प्रवाह, इग्निशन टायमिंग, नॉक करेक्शन (नॉकिंग जाणवलं की संगणक टायमिंग किती मागे घेतो ते), इनटेकचं तापमान आणि हवा-इंधन प्रमाण, एवढे रकाने हवेत. मूळच्या मॅपवरही नॉक करेक्शन उणे दिसलं तर आधी पेट्रोल कुठून भरतोस तेच पाहू. फाइल मला पाठव. मी तो प्लग टेबलावर ठेवूनच ती उघडीन. आणि डायनोची तारीख ठरली की कळव, मी येतो.

तुझा,
अनिरुद्ध