मृत्यूच्या रेषेवर आखलेली कामाची मर्यादा

संपादक महोदय,

जपानी माणसाची शिस्त, त्याचा वक्तशीरपणा आणि कामावरील निष्ठा यांचे कौतुक आपल्या वृत्तपत्रांतून वरचेवर होत असते आणि त्यात खोटे काही नाही. मात्र जपानी भाषा शिकवताना, आणि तिथल्या कंपन्यांत रुजू झालेल्या विद्यार्थ्यांशी बोलताना, या कौतुकातून एक बाजू सतत सुटते असे मला जाणवते. ती मांडण्यासाठी हे पत्र.

अतिकामाने ओढवणाऱ्या मृत्यूसाठी जपानी भाषेत 'कारोशी' हा स्वतंत्र शब्द आहे. देन्त्सू या जाहिरात कंपनीतील 24 वर्षांच्या एका कर्मचाऱ्याने 1991 साली आत्महत्या केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2000 साली न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले. त्याच कंपनीत डिसेंबर 2015 मध्ये, नोकरीला लागून वर्षही न झालेल्या एका तरुणीने जीव दिला. तीही 24 वर्षांचीच होती. तिचे जादा काम महिन्याला शंभर तासांच्या पुढे गेले होते हे कामगार विभागाने मान्य केले आणि 2017 मध्ये कंपनीला दंड झाला, तो 5 लाख येनांचा. पहिल्या मृत्यूनंतर देशातील सर्वोच्च न्यायालयाने बजावूनही दुसरा मृत्यू टळला नाही, ही गोष्ट मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

त्यानंतर 2018 साली कायदा झाला आणि एप्रिल 2019 पासून जादा कामावर प्रथमच दंडाची तरतूद असलेली मर्यादा आली. एरवी महिन्याला 45 तास. पण मालक आणि कामगार प्रतिनिधी यांच्यात विशेष करार असल्यास एखाद्या महिन्यात, सुटीच्या दिवसांचे काम धरून, शंभर तासांच्या आत आणि दोन ते सहा महिन्यांच्या सरासरीने 80 तासांपर्यंत. आता मृत्यू कामामुळेच झाला असे ठरवताना सरकार कोणता निकष लावते, तेही पाहावे : आधीच्या एका महिन्यात शंभर तास किंवा दोन ते सहा महिन्यांत सरासरी 80 तास. म्हणजे ज्या रेषेवर माणूस मरू शकतो असे सरकारच मानते, जवळजवळ तिथपर्यंत काम करवून घेण्याची मुभा कायदा देतो. या आकड्यांमागचा हिशोब झोपेचा आहे. महिन्याला 80 तास जादा काम केले की रोज जेमतेम सहा तास झोप उरते आणि शंभर तासांना ती पाचवर येते.

शिवाय हे तास कागदावरचे. एप्रिलमध्ये शेकडोंच्या तुकडीने रुजू होणाऱ्या नव्या मुलांना वरिष्ठ जागेवर बसलेले असताना उठणे अवघड वाटते आणि नोंदच न होणारे बिनपगारी जादा काम, ज्याला तिथे 'साबिसु झान्ग्यो' म्हणतात, त्यांच्या वाट्याला सहज येते. कोणी जबरदस्ती केलेली नसते, पण नाही म्हणण्याची सोयही नसते.

अशा स्थितीत ऑक्टोबर 2025 मध्ये पंतप्रधान साने ताकाइची यांनी सूत्रे हाती घेताच हीच मर्यादा शिथिल करण्याचा विचार करण्यास मंत्र्यांना सांगितले, हे मला अत्यंत चिंताजनक वाटते. सैल करायचेच असेल, तर आधी काम संपल्यापासून पुन्हा कामावर येईपर्यंतच्या विश्रांतीचे तास सक्तीचे करावेत. आज कायदा त्याबाबत मालकांना केवळ प्रयत्न करण्यास सांगतो.

आपल्या वृत्तपत्राने जपानमधील नोकरीच्या संधींविषयी लिहिताना हे नियमही छापावेत, ही विनंती. माझ्या विद्यार्थ्यांना मी आता पगाराच्या आधी एकच प्रश्न विचारायला सांगते : जपानच्या कामगार कायद्यातील कलम 36 खाली मालक आणि कामगार प्रतिनिधी यांच्यात झालेल्या तुमच्या करारात जादा कामाचे किती तास लिहिले आहेत?

आपली,
जपानी भाषेची एक शिक्षिका