घरी पिण्याबद्दल तू विचारलंस म्हणून

चि. ईशा,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी मैत्रिणी राहायला येणार आहेत, तेव्हा घरीच थोडी दारू घेऊ का, असं तू सरळ विचारलंस. चोरून काही न करता विचारलंस, याचं खरंच बरं वाटलं. उत्तर मात्र 'नाही' असंच आहे. पण एवढ्या मोठ्या मुलीला कारण न सांगता नाही म्हणणं मला पटत नाही, म्हणून लिहायला बसलो. तू मुलगी आहेस म्हणून नाही म्हणतोय असं मनातही आणू नकोस. दादाने विचारलं होतं तेव्हा त्यालाही हेच सांगितलं होतं.

तुझं म्हणणं असं, की कॉलेजात सगळेच पितात. मग भलत्या ठिकाणी, भलत्या लोकांत पिण्यापेक्षा घरी तुमच्या नजरेसमोर प्यायलेलं काय वाईट? पोहायला शिकवताना तुम्हीच पाण्यात उतरला होतात ना, असंही म्हणालीस. हे माझ्या डोक्यात दोन दिवस घोळत होतं. पोहण्याचा सराव वाढला की बुडायची भीती कमी होते. दारूच्या सरावाने वाढते ती पचवायची सवय. पहिल्या ग्लासाला जे डोकं हलकं व्हायचं, त्यासाठी तिसरा लागायला लागतो. शरीर 'पुरे' म्हणायचं ते उशिरा म्हणतं आणि तोवर पोटात जास्त गेलेली असते. माझ्या नजरेसमोर तू हाच सराव करणार असशील, तर मी तुला नेमकं काय शिकवलं?

ऑस्ट्रेलियात सुमारे १९०० शाळकरी मुलांचा सहा वर्षं पाठपुरावा करून एक अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आईवडीलच दारू देत होते, ती मुलं बाहेर कमी पीत असतील असं आपल्याला वाटेल. दिसलं उलटंच. पुढच्या वर्षी बाहेरून दारू मिळवण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त होतं आणि एका बैठकीत भरमसाठ पिण्याचंही. घरून मिळाल्यामुळे काही संरक्षण मिळतं असं कुठेच आढळलं नाही. ती मुलं तुझ्याहून लहान होती आणि अशा अभ्यासातून कार्यकारणभाव पक्का ठरत नाही, असं तू म्हणशील. मान्य आहे. पण 'घरी दिली की बाहेर कमी पितात' ही समजूत मग कशाच्या आधारावर उभी आहे? युरोपचं उदाहरण तू दिलंस, तिथे घरी जेवताना वाइन घेत मुलं मोठी होतात म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीत दरडोई दारू पिण्यात जगात सर्वांत वर युरोपच आहे.

'दोनच ग्लास घेऊ' याविषयी. काल ओट्यावर औषधाच्या मापाने ४५ मिली पाणी मोजलं आणि आपल्या उंच काचेच्या ग्लासात ओतलं. व्हिस्की किंवा व्होडकाचा एक ड्रिंक मोजतात तो साधारण एवढा. तळाशी बोटभर पाणी दिसत होतं, बस्स. मग न मोजता, पाहुण्यांना ओतावं तसं ओतून पाहिलं, तर जवळजवळ दुप्पट भरलं. म्हणजे दोन ग्लास म्हणता म्हणता चार होतात, आणि यकृत तासाला साधारण एकच निपटतं. कॉफीने, गार पाण्याच्या आंघोळीने त्याचा वेग वाढत नाही. शिवाय बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूने रक्तातलं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त चढतं. आणि मागचापुढचा विचार करायला लावणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत असतो. तू कितीही समजूतदार असलीस तरी हे तुलाही लागू आहे.

कायद्याचं वय कुठे १८ आहे, कुठे २१. ते उगाच ठरवलेलं नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात अनेक राज्यांनी ते खाली आणलं, तेव्हा तरुण मुलांचे रस्त्यावरचे मृत्यू वाढले. १९८४ च्या कायद्यानंतर सगळीकडे ते २१ झालं आणि ते मृत्यू घटले. पण कायदा घडीभर बाजूला ठेवला, तरी तुझ्या मैत्रिणींच्या आईवडिलांचं काय? त्यांनी मुली आपल्या भरवशावर पाठवल्या आहेत. त्यांच्या मुलीला माझ्या घरात दारू द्यायचा अधिकार मला कोणी दिला?

'बाबा, तुम्ही घेता की' हे तू बोलली नाहीस, पण मनात असणारच. घेतो, क्वचित. दारूने कर्करोग होतो हे १९८८ पासून अधिकृतपणे नोंदलेलं आहे, तेव्हा माझं वय झालं म्हणून ती मला निर्धोक होत नाही. तू घरी असताना यापुढे मी बाटली काढणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझा नकार घरात पिण्याला आहे, तुझ्या फोनला नाही. कुठेही असलीस, कितीही वाजले असले, तू प्यायली असलीस किंवा गाडी चालवणारा प्यायला असला, तर मला फोन कर. मी येईन. त्या रात्री एक शब्द विचारणार नाही. 'बाबा रागावतील' म्हणून कोणाच्या तरी गाडीत बसलीस, तर मला त्याचं दुःख जन्मभर राहील.

आणि कोणी मैत्रीण हलवूनही उठत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत चालला असेल, अंग गार पडलं असेल, तर 'झोपू दे, उतरेल' म्हणून तिला एकटं सोडायचं नाही. पिणं थांबल्यावरही रक्तातलं प्रमाण काही वेळ वाढत राहतं, आणि शुद्ध नसताना झालेली उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. तिला कुशीवर वळवायचं, शेजारी बसून राहायचं आणि लगेच रुग्णवाहिका बोलवायची. कोण रागावेल, कोणाला कळेल, हे सगळं नंतर. ही माहिती मैत्रिणींनाही सांग.

शनिवारी सगळ्यांना जरूर बोलव. रात्रभर जागा, गाणी लावा, मी वर येणार नाही. फक्त दारू नसेल हे त्यांना आजच कळव, म्हणजे कोणी पिशवीत घालून आणणार नाही आणि तुलाही ऐनवेळी अवघड होणार नाही. माझं काही पटलं नसेल तर रविवारी बोलू, मी घरीच आहे.

तुझा,
बाबा