विरार लोकलमधल्या मावशींना, श्रीलंकेहून परत आल्यावर

जय भीम मावशी,

तुमचा नंबर माझ्याकडे नाही आणि रिटायर झाल्यापासून तुम्ही आपल्या गाडीला दिसत नाही, म्हणून हे जाहीर पत्र. लेडीज डब्यातलं कुणीतरी पोचवेलच.

श्रीलंकेला पुन्हा जायचंय, या वेळी आईला घेऊन, आणि रजा ऑगस्टमध्येच मिळतेय, एवढंच मी बोलले होते. टूरवाल्याने पश्चिम किनाऱ्यावरचं बेंटोटा सुचवलं होतं. तुम्ही मेथी निवडता निवडता, मान वर न करता म्हणालात, "इथे आपल्याला झोडपतो तोच पाऊस तिकडे असतो. पूर्वेला त्रिंकोमालीला जा." मग वसई ते बोरिवली समजावून सांगितलंत: मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा मधल्या डोंगरांना अडतो, पश्चिमेला पाऊस आणि पूर्व किनारा कोरडा, डिसेंबर ते फेब्रुवारी पूर्वेची पाळी. टेलरच्या पावतीमागे काढलेला तो वाकडातिकडा नकाशा मी पासपोर्टच्या कव्हरात घालून नेला.

आई मालवणची. नारळी पौर्णिमेआधी समुद्राच्या वाटेला जायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं. पौर्णिमा अजून व्हायची होती, आणि ही बाई त्रिंकोमालीजवळच्या निलावेलीला कमरेभर पाण्यात उभी राहून मलाच हाका मारत होती!

दुसरा सल्ला मोज्यांचा. तेव्हा मी हसले होते. पोलोन्नरुवात, त्या जुन्या राजधानीच्या अवशेषांत, दुपारी चपला काढून तापलेल्या दगडावर पाय ठेवला आणि तुमची आठवण आली. आजूबाजूला लोक एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते. आम्ही दोघी मोजे घालून निवांत. त्यामुळे गल विहारात हवा तेवढा वेळ उभं राहता आलं. बाराव्या शतकात, पहिल्या पराक्रमबाहूच्या काळात, एकाच कातळात कोरलेल्या त्या मूर्ती. पहुडलेले बुद्ध सुमारे 14 मीटर लांब, आणि दगडाच्या नैसर्गिक रेघा अंगावरून पाण्यासारख्या वाहत गेलेल्या. मी पायांकडे बघत होते. वरचं पाऊल जरासं मागे सरकलेलं, ती महापरिनिर्वाणाची खूण. आई डोक्याशी थांबलेली. "उशी बघ गो, दबलीय," म्हणाली. खरंच, डोक्याच्या भाराने दगडी लोडाला खळगा पडलाय. गेल्या वेळी आमच्या पॅकेज टूरने हे सगळं वीस मिनिटांत उरकलं होतं.

सिगिरियाच्या कातळकिल्ल्याबद्दल सगळेच लिहितात, मी नाही लिहीत. चढायला सकाळी लवकर जा, एवढं पुरे.

कोलंबोत आईला देवळांपेक्षा लोकल आवडली. कोल्लुपिटियापासून माउंट लॅव्हिनियापर्यंत गाडी अगदी समुद्राला चिकटून जाते, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून लोकल सोडावी तशी. दारात लटकणारी पोरं इथल्यासारखीच. संध्याकाळी गॉल फेसच्या समुद्राकाठच्या मैदानावर इस्सो वडे खाल्ले: डाळीचा वडा, वर अख्खी कोळंबी दाबून तळलेली. पण तिचं खरं मन रमलं ते आंबुल तियलमध्ये. काळ्या, सुक्या, आंबट माशाच्या त्या तुकड्यांतलं गोरका, म्हणजे वाळवलेलं आंबट फळ, तिने बोटाने वेगळं काढलं, चाखलं आणि निकाल दिला, "आमच्या कोकमाचो भाव." वनस्पतिशास्त्रही तेच सांगतं, दोघं एकाच कुळातले. त्यानंतर तिला कोलंबो परकं वाटेना.

विजय राजपुत्राचं जहाज लंकेला पोचण्याआधी सोपाऱ्याला लागलं होतं, असं महावंसात, लंकेच्या जुन्या पाली बखरीत, आहे, हे तुम्ही मोठ्या अभिमानाने सांगायचात, नालासोपाऱ्याला गाडीत चढता चढता. आता आईला तुमचा सोपाऱ्याचा स्तूपही बघायचाय. आणि अनुराधापूर, लंकेची जुनी राजधानी, राहिलं. एका फेरीत सगळं कोंबू नका, हेही तुम्हीच सांगितलेलं. तिचा हट्ट आहे की जायचं ते जूनमधल्या पोसोन पौर्णिमेलाच, सम्राट अशोकाचे पुत्र महिंद थेर धम्म घेऊन लंकेत आले तो दिवस म्हणून. गर्दीत तिचे गुडघे टिकतील का, की दोन आठवडे आधी न्यावं? हे तुम्हालाच विचारायचंय. मी अजूनही मधल्या लेडीज डब्यातच असते, बोरिवलीला उतरणाऱ्यांच्या बाजूला.

तुमची,
खिडकीसमोरच्या चौथ्या सीटवरची